नाव न लिहिलेली चिठ्ठी

गावाचं नाव इथे सांगायचं नाही. कशेळ्याहून पुढे जीपने दहा-बारा मिनिटं, डोंगराच्या पायथ्याला, एवढं पुरे. एकदा चव्हाट्यावर आलेली गोष्ट पुन्हा नावानिशी मांडायची हौस कुणाला असेल तर असो. त्या गावातल्या सातवीपर्यंतच्या शाळेत एक्केचाळीस मुलं होती, त्यात एकोणीस मुली, आणि दोन शिक्षक. त्यातल्या छायाबाई कर्जतहून रोज यायच्या आणि मुख्याध्यापिकेचं कामही त्यांच्याच गळ्यात होतं. सकाळी दोन जीपा बदलून यायचं, संध्याकाळी पाचच्या जीपने परत. मधे जीप नसायची, म्हणून इथली शनिवारची शाळाही पूर्ण दिवस भरायची. पाचची चुकली की कुणाच्या तरी मोटारसायकलवर मागे बसून कशेळं गाठायचं, म्हणून ती त्या सहसा चुकवायच्या नाहीत.

बाई मनापासून शिकवणाऱ्या होत्या, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पुढे जे घडलं त्यात त्यांचा हात होता, पण कामचुकारपणा नव्हता. कामचुकार बाई असती तर यातलं काहीच घडलं नसतं. निदान कुणाला कळलं नसतं.

दिवाळीच्या सुट्टीनंतर तालुक्याला एक दिवसाचं प्रशिक्षण झालं. विषय, मुलांची इंटरनेटवरची सुरक्षा. बाकीचे शिक्षक चहाची वाट बघत बसले होते, छायाबाईंनी वहीची अकरा पानं भरली. परत आल्यावर त्यांनी पाचवी ते सातवीची मुलं एका वर्गात बसवली आणि विचारलं, "फोनवर काय काय खेळता?"

एकाने गाड्यांच्या शर्यतीचं नाव घेतलं, दुसऱ्याने बंदुकांच्या खेळाचं, आणि मग जे काही फुटलं ते आवरेना. मुलींचा खेळ वेगळाच होता. त्याचं नाव 'माझा महाल'. त्यात आपला महाल बांधायचा, पडदे लावायचे, झुंबरं टांगायची, आणि मैत्रिणींना बोलवायचं. मैत्रिणी येऊन फिरून जातात, बोलतात, भेट म्हणून हिरे देतात. ज्या घरात अभ्यासाला बसायला धड कोपरा नाही, त्या घरातल्या पोरीचा फोनमध्ये तीन मजली महाल होता. बाप कामावरून आला की त्याचा फोन घ्यायचा आणि जेवणाची ताटं मांडेपर्यंत आपल्या महालात हिंडायचं. कुणाच्या पोटात दुखावं असं त्यात काय होतं?

बाईंनी फळ्यावर लिहिलं: नाव, गाव, शाळा सांगायची नाही. फोटो पाठवायचा नाही. कुणी विचित्र बोललं तर स्क्रीनशॉट घ्यायचा, काहीही पुसायचं नाही. आणि विश्वासाच्या मोठ्या माणसाला सांगायचं. स्क्रीनशॉट कसा घ्यायचा ते त्यांनी स्वतःच्या फोनवर एकेकीला करून दाखवलं. सातवीतल्या हर्षलाला ते पहिल्या खेपेला जमलं, तेव्हा ती इतकी खूश झाली की तिने लागोपाठ चार घेतले.

"आणि सांगायची लाज वाटली तर?" मागून कुणीतरी विचारलं.

"तर पेटी आहे ना," बाई म्हणाल्या. "चिठ्ठी लिहा. नाव लिहू नका. कुणाची ते कुणालाच कळणार नाही."

पेटी म्हणजे शाळेची तक्रारपेटी. व्हरांड्यात खिडकीशेजारी टांगलेली, निळी, तिला छोटंसं कुलूप. ती उघडायची रीत ठरलेली होती. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी शाळा व्यवस्थापन समितीसमोर कुलूप काढायचं, एकेक चिठ्ठी मोठ्याने वाचायची, रजिस्टरला चिकटवायची आणि खाली सगळ्यांच्या सह्या घ्यायच्या. शिक्षकांनी चिठ्ठ्या दडपू नयेत म्हणून ही रीत. रीत चांगलीच होती. वाईट एवढंच की समिती म्हणजे पोरांचेच आईबाप आणि गावातले दोन जाणते.

डिसेंबरच्या पहिल्या शनिवारी तिघे जण आले. अध्यक्ष राजेश, म्हणजे हर्षलाचा बाप; गावकीत ज्यांचा शब्द चालतो ते मालोजीबाबा; आणि शाळेत खिचडी शिजवणाऱ्या इंदूबाई. इंदूबाईंनी चहा आणला. उन्हाची तिरीप टेबलावर आली होती, बाहेर शेतात वालाच्या वेली वर आल्या होत्या, आणि सगळ्यांचा मूड चांगला होता. पहिली चिठ्ठी निघाली, "फळ्याजवळची लादी हलते." दुसरी, "पोशा माझी पेन्सिल घेतो आणि देत नाही." तिसरी, "खिचडीत वाटाणे कच्चे असतात." त्यावर मालोजीबाबा इंदूबाईंकडे बघून खदखदून हसले आणि इंदूबाईंनी नाक मुरडलं.

चौथी चिठ्ठी चार घड्या घातलेली होती. बाईंनी ती उलगडली, डोळ्यांसमोर धरली आणि आधीच्या तीन वाचल्या त्याच आवाजात वाचायला लागल्या.

"बाई, महालमधली मीनूदीदी मुलगी नाही. माणूस आहे. मी आवाज ऐकला. तो म्हणतो घरात एकटी असशील तेव्हा व्हिडिओ कॉल कर, नाहीतर तुझा फोटो सगळीकडे टाकीन. मी एकच फोटो दिलेला, शाळेच्या ड्रेसमधला. मी काय करू? घरी सांगू नका."

शेवटचं वाक्य वाचून होईपर्यंत त्यांना कळलं की हे वाचायला नको होतं. पण तोंडातून गेलेलं परत कसं घेणार? इंदूबाईंनी पदर तोंडाला लावला. मालोजीबाबा म्हणाले, "कोनाची रं पोर ही?" राजेशने कप बशीत ठेवला, तो बशीच्या काठावर पडला आणि थोडा चहा सांडला.

"मला निघाया पायजे बाई," तो म्हणाला. "दुसरी पाळी हाय." रजिस्टरवर सही न करताच तो उठला.

बाईंना वाटलं, खरंच पाळी असेल. राजेश कुंभिवलीजवळच्या एका कंपनीत माल रवाना करायच्या खात्यात होता. चिठ्ठी रजिस्टरला चिकटवायला म्हणून त्यांनी ती उलटी केली, तेव्हा त्यांना मागची बाजू दिसली. मागे छापलेलं होतं. निळ्या रेघा, कडेला भोकं, आणि वर ठळक अक्षरांत कंपनीचं नाव. छापताना बिघडलेली चलनं राजेश घरी आणायचा, पोरीला कच्च्या गणितांसाठी. साऱ्या गावात तसा कागद एकाच घरात होता. बाई कोरी बाजू वाचत होत्या तेवढा वेळ छापील बाजू त्याच्या तोंडासमोर होती.

हर्षलाने नाव लिहिलं नव्हतं, गाव लिहिलं नव्हतं, सांगितलेलं सगळं पाळलं होतं. कागदाचं कुणी सांगितलंच नव्हतं. आणि पोरीला कळलं नाही ते बाईंना तरी कुठे सुचलं होतं? प्रशिक्षणाची अकरा पानं त्यांच्या पर्समध्ये होती.

त्या जवळजवळ धावतच राजेशच्या घरी गेल्या. ओट्यावर हर्षलाची आई जना सुपात वाल घेऊन बसली होती, पण हात चालत नव्हते.

"हर्षला कुठाय?"

"आत हाय. आज शाळेतबी गेली नाय, आता दार लावून घेतलंय." जना वर न बघताच बोलली. "ह्यांनी फोन घेतला नि कशेळ्याला गेले. पोरीला कायच बोलले नाय. मारलं असतं तर बरं झालं असतं बाई, निदान रडून मोकळी झाली असती."

"फोन घेऊन कशाला गेले?"

जनाला ते माहीत नव्हतं. बाईंनी राजेशला तीनदा फोन लावला. तिन्ही वेळा बंद. मग त्यांना आठवलं की आपण लावतोय तो नंबर त्याच फोनचा आहे, आणि त्यांना स्वतःचाच राग आला. तासाभराने मोटारसायकल वाजली. राजेश उतरला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर चक्क सुटल्यासारखा भाव होता. गावात कुणाच्याही फोनला काहीही झालं, तो अडकला, गरम झाला, नको ते दिसायला लागलं, की एकच औषध: कशेळ्याला जाऊन सॉफ्टवेअर मारून आणायचं. राजेशने तेच केलं होतं.

"एकदम कोरा करून आनला," तो म्हणाला. "आता त्याच्यात कायबी नाय. ना गेम, ना फोटो. झालं, मिटलं."

"राजेशभाऊ," बाई म्हणाल्या, "त्या माणसाला पकडायचं तर त्याचं बोलणं त्या फोनमध्येच होतं हो. पोलिसांना काय दाखवायचं आता?"

"पोलिसांना माझ्या पोरीचा फोटो दाखवायचा? नि मग तो ठान्यात दहा जनांनी बघायचा?"

"फोटो शाळेच्या ड्रेसमधलाच आहे. तिने काहीही वाईट केलेलं नाही."

"ते तुमाला म्हाईत, मला म्हाईत. गावाला कोन सांगनार?" राजेशने पहिल्यांदाच त्यांच्याकडे सरळ बघितलं. "गावाला तर तुमीच वाचून दाखवलंत."

बाई आतल्या दाराशी जाऊन म्हणाल्या, "हर्षला, मी बाई आहे गं." आतून पलंग करकरल्याचा आवाज आला, बस.

सोमवारी त्यांनी लहान मुलांच्या मदतीच्या १०९८ नंबरावर फोन केला. तिथली बाई शांतपणे बोलली, पोलिसांशी जोडून दिलं, आणि ठाण्यातली बाईही नीट बोलली. तिने विचारलं ते योग्यच होतं. त्या माणसाचं खेळातलं नाव काय? त्याचा आयडी? मुलीचा आयडी? काही स्क्रीनशॉट? छायाबाईंकडे एकच उत्तर होतं, मीनूदीदी. तक्रार नोंदवून घेतली, मुलीच्या पालकांना घेऊन या म्हणाली. पालक गेले नाहीत. राजेश म्हणाला, मिटलेलं उकरून काढू नका.

बाईंनी तो खेळ स्वतःच्या फोनवर उतरवून घेतला. त्यांची मुलगी आरोही चौथीत होती. तिने आईला मोठ्या उत्साहाने सगळं शिकवलं. नाव न देता पाहुणा म्हणून कसं शिरायचं, पडदे कसे लावायचे.

"आणि पाहुणा म्हणून शिरलं नि फोन कोरा केला तर?" बाईंनी विचारलं.

"मग तुला तुझ्या महालात परत जाता येत नाही," आरोही म्हणाली. "महाल असतो पण. बाकीचे येऊ शकतात."

मीनूदीदी शोधली तर तेहतीस निघाल्या. सगळ्यांचे फोटो मोठ्या डोळ्यांच्या चित्रातल्या मुलीचे. त्यातली कुठली, हे सांगू शकणारी एकच जण होती आणि ती दार लावून बसली होती. त्या दिवशी बाईंनी आरोहीचा खेळ बंद केला. आरोही खूप रडली.

इंदूबाईंच्या तोंडून चिठ्ठी आळीभर झाली होती, आणि राजेश सही न करता उठला हेही. इंदूबाई दुष्ट नव्हत्या, त्यांनी हळहळतच सांगितलं असणार, पण हळहळ ऐकायला माणसं जास्त जमतात. पुढच्या रविवारी देवळात गावकी बसली. फोनमुळे पोरी बिघडतात यावर सगळ्यांचं एकमत झालं. त्या माणसाचा विषय कुणी काढला नाही, कारण तो कुठे राहतो, कसा दिसतो हे कुणालाच माहीत नव्हतं, आणि जो दिसत नाही त्याला दंड तरी कसा करायचा? पोरी समोर दिसत होत्या. तेव्हा ठरलं की दहावी होईपर्यंत गावातल्या एकाही पोरीच्या हातात फोन द्यायचा नाही. पोरांचं काही ठरलं नाही. छायाबाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अहो, तिने तर धीर करून सांगितलं. सांगणाऱ्यालाच शिक्षा केली तर उद्या कोण सांगेल?" मालोजीबाबांनी त्यांचं बोलणं पुरतं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "बाई, तुमी शाळेचं बगा. तुमी पाचच्या जीपने जाता, आमाला हितंच ऱ्हायचंय."

पंधरवड्यात हर्षलाचा दाखला काढला. तिला खालापूरच्या बाजूला मामाकडे पाठवलं. राजेशने समितीचं अध्यक्षपद सोडलं.

जानेवारीत एका सुट्टीच्या दिवशी बाई बस पकडून तिथे गेल्या. जनानेच पत्ता दिला होता, नवऱ्याला न सांगता. देताना म्हणाली, "वाचायच्या आदी मला नुसतं एकदा इचारलं असतंत बाई." रागाने नाही म्हणाली. रागाने म्हणाली असती तर बाईंना ते सोसलं असतं.

मामाच्या घरामागून द्रुतगती मार्गावरच्या गाड्यांचा आवाज सारखा येत होता. हर्षला मोरीशी भांडी घासत होती. बाईंना बघून ती उठली, हात फ्रॉकला पुसले आणि उभी राहिली, वर्गात प्रश्न विचारल्यावर राहायची तशी. वाळली होती. डोळ्यांखाली काळं आलं होतं.

"शाळेत जातेस ना गं?"

"जूनपासून पाठवनार म्हनतात."

बाईंनी आणलेली गोळ्यांची पुडी तिने घेतली, पण उघडली नाही. तेहतीस मीनूदीदींतली कुठली, हे विचारायचं ठरवून बाई आल्या होत्या; आता ते विचारवेना.

"बाई," हर्षला म्हणाली, "मी नाव नव्हतं लिवलं."

"माहीत आहे गं मला."

"स्क्रीनशॉट पन घेतलेले. तीन. त्याचा आयडी दिसंल असे घेतलेले." तिने बोटांनी करून दाखवलं, बाईंनी शिकवलं होतं तसं. "कायपन पुसलं नव्हतं. तुमी सांगितलं तसंच सगळं केलं. मग माझं काय चुकलं?"

छायाबाई बावीस वर्षं शिकवत होत्या. चुकलेलं दाखवून देणं हाच त्यांचा धंदा. त्यांनी त्या पोरीला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, "तुझं काही चुकलं नाही. माझं चुकलं." हर्षला त्यांच्या मिठीत लाकडासारखी उभी राहिली. चूक कुणाची हे कळून तिला आता काय मिळणार होतं? तिची शाळा गेली, मैत्रिणी गेल्या, बाप बोलेनासा झाला, आणि तो माणूस आपल्या जागी होता.

परतीच्या बसमध्ये बाई खिडकीकडे तोंड करून रडल्या.

फेब्रुवारीचा पहिला शनिवार आला. डिसेंबरनंतर जानेवारीत पेटी रिकामीच निघाली होती, लादीची किंवा पेन्सिलीचीसुद्धा चिठ्ठी नव्हती. गावकीचा ठराव म्हणाल तर तो आठ दिवस टिकला. बाप लोक कामावरून दमून येत, फोन चार्जिंगला लागत, आणि पोरी पुन्हा महालात जात. फरक एवढाच की आता परसात, गोठ्यात, पांघरुणाखाली लपून जात.

टेबलापलीकडे मालोजीबाबा, इंदूबाई आणि नवे अध्यक्ष योगेंद्र, म्हणजे पोशाचे वडील. बाईंनी कुलूप काढलं, पेटी तिरकी केली. एक चिठ्ठी पडली.

साध्या एकेरी वहीचं पान, गावातल्या प्रत्येक पोरीकडे असतं तसलं. बाईंनी ते आधी उलटून पाहिलं. मागे कोरं. मग उघडलं. अक्षरं पट्टी धरून काढलेली होती. एकेक रेघ सरळ, अ नाही की क नाही कुणाच्या वळणाचा. असं लिहायला तास तरी लागला असणार.

"मीनूदीदी आता मला बोलावते. हर्षलाच्या महालात ती अजून येते. हर्षलाचा फोटो दाखवला. आता तुझा पाठव म्हणते. मोठ्याने वाचू नका."

"काय लिवलंय?" मालोजीबाबांनी विचारलं.

तिघे बघत होते. वाचलं तर काय होईल ते बाईंना ठाऊक होतं. संध्याकाळच्या आत अठरा घरांतले फोन कशेळ्याला जातील, कोरे होऊन येतील, आणि गावकीला यावेळी नेमकी कुठली पोर ते शोधायचं असेल. न वाचलं तर ती पोर एकटी. एकीच्या वेळी रीत पाळून त्यांनी घात केला होता. आता रीत मोडून तरी कुणाचं भलं होणार होतं, हे त्यांना कळत नव्हतं.

"काही नाही," त्या म्हणाल्या. "कोरी आहे. कुणीतरी चेष्टा केलीय."

बावीस वर्षांत रजिस्टरात पहिल्यांदा त्यांनी खोटं लिहिलं, आणि तिघांनी खाली सह्या केल्या. चिठ्ठी त्यांनी मुठीत धरली ती वर्गात जाईपर्यंत तशीच.

वर्गात त्या दिवशी भूमिती होती. मुली माना खाली घालून आखत होत्या. प्रत्येकीच्या हातात पट्टी होती. बाई एकेकीच्या मागे जाऊन उभ्या राहिल्या. कुठली रेघ ओळखीची वाटते का ते बघत राहिल्या, आणि सगळ्यांच्या रेघा सरळच होत्या.

सुटायच्या आधी त्यांनी फळ्यावर आपला फोन नंबर लिहिला. मग त्या म्हणाल्या, "आज मी जीपने जाणार नाही. व्हरांड्यात एकटीच बसणार आहे. कुणाला काही बोलायचं असेल तर बोला. मी वाचणार नाही, लिहिणार नाही, तुम्हाला विचारल्याखेरीज काही करणार नाही. तुझ्या फोनला कुणी हात लावणार नाही." शेवटचं वाक्य एकीलाच म्हटल्यासारखं निघून गेलं. वर्गात कुणी वर बघितलं नाही.

घंटा झाली. बाई पेटीखालच्या बाकावर जाऊन बसल्या. पाचची जीप शाळेसमोर थांबली, हॉर्न दिला, आणि बाई उठत नाहीत असं बघून गेली. मुली एकेक करून बाहेर आल्या, चपला पायात सरकवल्या, दप्तरं पाठीवर घेतली. रोजच्यासारखी प्रत्येक जण पायरीशी क्षणभर थांबून म्हणाली, "येते बाई."

बाईंनी अठरा मोजल्या. त्यातली एक ती होती, आणि तीही "येते बाई" म्हणून निघून गेली.